चिलखताला जोडलेल्या बगलपट्ट्या

माझ्या लेकाला किल्लेदार व्हायचं होतं. गावच्या जत्रेतल्या नाटकात, एका संध्याकाळपुरतं. एवढीशी गोष्ट अडवून गावातल्या मोठ्या माणसांना काय मिळत होतं ते मला आजही कळलेलं नाही, आणि अडवणाऱ्यांना मी आजही माफ केलेलं नाही. लोक म्हणतात, झालं गेलं सोडून द्या. ज्यांना सोडायचं त्यांनी सोडावं.

चाकणच्या पट्ट्यातलं हे गाव. चारी बाजूंनी कंपन्या नि गोदामं, मधे देऊळ, देवळापुढे पार. आम्ही मूळचे परभणीकडचे. नवऱ्याला इथे काम लागून अठ्ठावीस वर्षं झाली. माणूस भला, पण बोलायला कमी. भांडायचं खातं पहिल्यापासून माझ्याकडे. मी गाड्यांच्या सीटा शिवणाऱ्या एका कारखान्यात अकरा वर्षं लाइनवर काढली. मग जाड कापडाचं एक जुनं मशीन घासाघीस करून मिळवलं आणि महाळुंग्याच्या रस्त्याला पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःचं दुकान टाकलं. ट्रक, टेम्पो, शाळेच्या व्हॅन, सगळ्यांच्या सीटा माझ्याकडे येतात. या बाईशी भाव करायचा तर घरून जेवून जा, असं ड्रायव्हर एकमेकांना सांगतात म्हणे. सांगू देत.

लेक इथेच जन्मला. इथल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकला. इथल्या पोरांसारखा ‘व्हय’ नि ‘न्हाई’ बोलतो. परभणीला नेला की तिकडे त्याला पुण्याचा म्हणून हसतात. आता सव्वीस वर्षांचा आहे, एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो. उंची सहा फूट दोन इंच, वजन एकशे अठरा किलो. अंग माझ्यावर गेलं आहे. माझ्या लग्नात ब्लाउजचं माप घेताना शिंप्याने माझ्या आईला विचारलं होतं, कापड पोरीला लागतंय की पोत्याला. त्या दिवसापासून टेप दुसऱ्याच्या हातात असलेला मला आवडत नाही.

गावाचं नाटक दर वर्षी एकच असतं. मागच्या टेकडीवर कधीकाळी गढी होती म्हणतात. आता टेकडीचा निम्मा मुरूम गोदामांच्या भरावात गेला आहे. त्या गढीच्या किल्लेदाराने मूठभर माणसांनिशी दार लावून घेतलं आणि शत्रूला महिनाभर बाहेर ताटकळत ठेवलं, एवढीच गोष्ट. नाटक गावातल्याच कोणीतरी लिहिलेलं, वहीतून वहीत उतरत आलेलं. त्यात बुरुजावरचं एक भाषण आहे. शत्रूचा जासूद मानाची वस्त्रं घेऊन येतो, दार उघड म्हणतो, आणि किल्लेदार वरून त्याला उत्तर देतो. गावातल्या पोरांना पाढे येत नसतील, पण हे भाषण येतं. माझा लेक तिसरीत असल्यापासून मोरीत अंघोळ करताना ते म्हणायचा. शेजारीण भिंतीवर थाप मारून म्हणायची, वहिनी, टीव्ही बारीक करा.

पण किल्लेदार कोण होणार हे आवाजावर ठरत नाही. ते चिलखतावर ठरतं. जत्रेच्या तीन आठवडे आधी देवळातल्या पेटीतून चिलखत काढून पारावर ठेवतात. ज्याच्या अंगाला ते बसेल त्यानेच किल्लेदारीला उभं राहायचं. त्यानंतर नाटक बसवणारे मास्तर त्याचा आवाज बघतात. हे चिलखत जत्रा कमिटीचे प्रमुख आबा, त्यांच्या आज्ज्याने केलेलं. तेलाच्या डब्यांचा पत्रा कापून त्याचे खवले चामड्यावर ठोकलेले. पुढचा एक भाग, पाठीचा एक भाग, दोन्ही कडांना भोकं, आणि भोकांतून दोरी ओवून बगलेत बांधायचं. दर वर्षी वरून चांदी रंगाचा हात मारून मारून त्याला भिंतीसारखी जाडी आली आहे. आज्ज्याच्या काळची माणसं असतील साडेपाच फुटांच्या आत, काटक. आता गावात जमिनी गेल्या, जिम आल्या, बिर्याणी आली. आबांच्या स्वतःच्या घरातले पुरुषसुद्धा त्या पत्र्यात मावत नाहीत. मावायचा तो एकटा त्यांचा पुतण्या. तो हिंजवडीला कॉम्प्युटरवर बसतो, अंगाने उसाच्या कांडीसारखा. लागोपाठ चार वर्षं तोच किल्लेदार. त्याचा आवाज असा, की माइक त्याच्या मागे धावायचा.

आणि माझा लेक? पहिल्या वर्षी त्याला शत्रूच्या हत्तीचे मागचे पाय केलं. कापडाच्या हत्तीत वाकून उभं राहायचं, पुढचे पाय चालतील तसं चालायचं. पुढची तीन वर्षं शत्रूचा सरदार. काळा झगा, मिशा, संवाद एकही नाही, दुसऱ्या अंकात पायऱ्यांवर मरायचं. मोठ्या अंगाचा माणूस दिसला की त्याला दुष्ट करायचं नाहीतर हसायला घ्यायचं, तिसरं काही यांच्या डोक्यात येतच नाही. तो घरी येऊन मिशा काढायचा आणि मला सांगायचा, "आज लई टाळ्या पडल्या माझ्या मरणाला." हसून सांगायचा. मी त्याची आई आहे, मला हसणं ओळखता येतं.

गेल्या वर्षी पारावर चिलखत निघालं त्या सकाळी मी दुकान उशिरा उघडलं आणि लेकाला घेऊन तिथे गेले.

"आबा, यंदा माझा लेक उभा राहणार," मी म्हटलं.

आबांनी पान गालात सरकवलं. "ऱ्हाऊ द्या की. कोनी अडवलंय? आधी हात तरी शिरला पायजेल त्यात."

मागून एक जण म्हणाला, "आबा, पेटी संभाळा. ट्रकला सदरा घालत्यात."

"ट्रकच्याच सीटा शिवते मी," मी म्हटलं. "तुझ्या टेम्पोची पण मीच शिवली, भावा. अजून उसवली नाही ना?"

लोक हसले. लेक माझ्या कोपराला धरून हळूच म्हणाला, "आई, चल." मी हलले नाही. भाव करताना एक गोष्ट मला अनुभवाने माहीत आहे: समोरचा हसत असताना जे कबूल करतो ते त्याला नंतर नाकारता येत नाही, कारण हसताना साक्षीदार भरपूर असतात.

"आबा, नियम एकदा सगळ्यांपुढे सांगा. आम्ही बाहेरचे, आम्हाला पाठ नाही."

"नियम काय त्यात. अंगाला बसलं पायजेल. आन् चिलखताला कात्री न्हाई, सुई न्हाई, हातोडा न्हाई. आज्ज्याच्या हातचं काम हाय."

"आणि दोरी?"

"दोरी तर लागतीच. दोरीबिगर बांधनार कसं?"

"दोरी किती लांब असावी याचा काही नियम?"

आबा आता पोट धरून हसायला लागले. "किती बी लांब घ्या. दावं आना म्हशीचं. काय बी बांधा त्या दोरीला."

"मास्तर, ऐकलंत?" मी विचारलं. मास्तर शाळेतून निवृत्त झालेले, गावाचेच, पण शब्दाला धरून चालणारे. ते म्हणाले, "ऐकलं. दोरीला काय बी बांधा म्हणले."

"मग आठ दिवसांनी या वेळेला इथेच."

आठ दिवस चिलखत दुकानात न्यायची परवानगी मागितली, ती मिळाली नाही. चिलखत देवळाबाहेर जात नाही म्हणे. मिळणार नाही हे मला ठाऊक होतं. पण एक मोठं मागून नाकारू दिलं की दुसरं छोटं मिळतं. छोटं म्हणजे, तिथल्या तिथे कागदावर माप उतरवायचं. देवळाच्या ओट्यावर खाकी कागद पसरून मी पुढचा भाग ठेवला, कडेने पेन्सिल फिरवली, एकेक भोक उतरवून घेतलं. सीटचा नमुना असाच काढतात. बांधून बंद केलं तर ते आतून छातीला अडतीस इंच, कमरेला छत्तीस. माझा लेक छातीला पन्नास, कमरेला बावन्न. म्हणजे दोन्ही बगलांत मिळून वर बारा इंच उघडं राहणार, खाली सोळा. शिवाय उंची. पुढचा भाग त्याच्या बेंबीच्या चार बोटं वरच संपत होता.

मी बगलपट्ट्या केल्या. वर सहा इंच, खाली आठ, खाली रुंद होत जाणाऱ्या. आत फोम, वर रेक्झिन, रेक्झिनवर ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे खवले, आज्ज्याच्या खवल्यांच्याच आकाराचे, एकेक करून रिपिट मारलेले. दोन्ही कडांना जुन्या भोकांसमोर बरोबर भोकं पडतील अशा रिंगा. म्हणजे चिलखताची दोरी आधी माझ्या पट्टीतून जाणार, मग पलीकडच्या भागात. खाली टांगायला खवल्यांचाच एक घेर केला, मांडीपर्यंत येणारा. सुई लागली ती माझ्या मालाला, त्यांच्या चिलखताला नाही. रंगाचं काम अवघड गेलं. तो जुना चांदी रंग आता चांदीचा राहिला नव्हता, डाळीच्या पाण्यासारखा झाला होता. गाड्यांचा ओरखडा भरून देणारा एक ओळखीचा आहे. त्याच्याकडे बसून तीनदा मिसळायला लावलं. तो वैतागून म्हणाला, "ताई, एवढं तर कंपनीवालेपण बघत नाहीत." मी म्हटलं, कंपनीवाले पारावर बसलेले नाहीत.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी आबांचा पुतण्या दुकानात आला. मला वाटलं, भांडायला आला असेल. मी कात्री खाली ठेवली नाही. तो मोटरसायकलच्या सीटकडे बघत उगाच उभा राहिला, मग म्हणाला, "मावशी, होईल का हो नीट?"

"तुला कामून पंचाईत?"

"मला सुटायचंय. चार वर्षं झाली. ऑफिसात रजा मागताना सांगावं लागतं की मी किल्लेदार आहे. आणि ते भाषण आलं की पळून जावंसं वाटतं. अंगाला बसतं म्हणून मी. दुसरं कारण नाही."

"मग आबांना सांग की."

"त्यांच्यापुढे माझा आवाज निघाला असता, तर स्टेजवर निघाला नसता का?"

मी त्याला चहा पाजला. पोरगा वाईट नव्हता. ज्याला नको त्याच्या गळ्यात, आणि ज्याला हवं तो हत्तीच्या मागच्या पायांत. हा यांचा नियम.

आठव्या दिवशी देवळाच्या ओट्यावर मी लेकाला चिलखत चढवलं. अकरा वर्षं लाइनवर मला एकच शिकवलं गेलं होतं: कव्हर ताणून बसलं पाहिजे. सीटला एक सुरकुती दिसली की माल परत. तपासणारा अंगठा दाबून बघायचा. तसंच मी हे बांधलं. दोरी ओढली, गाठ मारली, हात फिरवला, कुठे एक घडी नाही. तो पारावर आला तेव्हा गलका थांबला. खरं सांगते, माझा लेक आहे म्हणून नाही. जुन्या पत्र्यात आणि नव्या पत्र्यात कुणाला शीव दिसली नाही. आबा उठून उभे राहिले. त्यांनी भोवती फिरून पाहिलं, बोट लावून पाहिलं, दोरी पाहिली. सुईचा टाका शोधत होते. त्यांच्या पत्र्यावर तो नव्हताच.

"बसलं," मास्तर म्हणाले.

आबांना म्हणावं लागलं, "बसलंय खरं."

मग मास्तरांनी भाषण म्हणायला सांगितलं. पहिली ओळ छान गेली. दुसऱ्या ओळीला आवाज चढवायचा असतो. लेकाने छाती भरायला श्वास ओढला आणि तो अर्ध्यातच अडला. माझी पट्टी हलेना. तो पुन्हा ओढायला गेला. तोंड लाल, मानेच्या शिरा फुगलेल्या, आणि त्या एवढ्या मोठ्या देहातून बारीक पिपाणीसारखा आवाज निघाला. तिसरी ओळ निघालीच नाही. सीट श्वास घेत नाही, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

पार खदखदला. आबा बसत म्हणाले, "बसलं बरं का. पार घशापातूर बसलं."

मी दोरी सोडली. फोर्कलिफ्टची पाळी होती, लेक तसाच कामावर गेला.

यापुढचं लिहायला मला आवडत नाही, पण लिहिते. तो रात्री जेवायला बसला तेव्हा मी त्याच्या ताटात दोनच भाकऱ्या ठेवल्या. म्हटलं, जत्रेला तेरा दिवस आहेत, जरा कमी जेव, पोट उतरलं की श्वासाला जागा होईल. नवऱ्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. लेकाने एक भाकरी खाल्ली, दुसरी ठेवून उठला. दुसऱ्या दिवशी सकाळी चहासोबत काही घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी डबा तसाच परत आला. मी डबा उघडून ओरडले, एवढं पण उपाशी राहायला कोण म्हणालं होतं.

तो म्हणाला, "तू चिलखत मोठं करायला बसली होतीस ना? मग मलाच कशाला बारीक करायलीस?"

त्या एका वाक्यात तो परभणीचं बोलला. माझ्यावर आवाज न चढवता. शिंप्याला पोत्याचं बोलणं सोपं गेलं, कारण मी त्याची कोणी नव्हते. मी तर त्याची आई. मी गरम भाकऱ्या टाकल्या आणि तो खाईपर्यंत समोर बसले. मग त्याला म्हटलं, उद्या सुट्टी आहे, दुकानात ये.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्याला दुकानात मधोमध उभं केलं, छातीला टेप लावला आणि म्हटलं, म्हण.

"काय म्हणू?"

"भाषण. स्टेजवर म्हणशील तसं. हात आखडू नको."

"आई, रस्त्यावर लोक आहेत."

"असू दे."

तो सुरू झाला. सुरुवातीला लाजत, मग विसरला की कुठे आहे. रस्त्यावर दोन टेम्पो थांबले. शेजारचा पंक्चरवाला टायर हातात घेऊन दारात आला. मी टेपवर बोट ठेवून होते. गप्प उभा असताना पन्नास. भाषणाच्या चढाला साडेत्रेपन्न. जासूदाला दाराबाहेर उभं करतो त्या ओळीला मी टेप सोडला नसता तर तो हातातून ओढला गेला असता. मी तीनदा म्हणवून घेतलं. तिन्ही वेळा तेवढंच भरलं. पंचवीस वर्षांत त्याचं खरं माप मी तेव्हा पहिल्यांदा घेतलं.

पट्ट्या उसवल्या. फोम काढून टाकला. सीटखाली जो रुंद इलास्टिकचा पट्टा लावतात तो आत घातला आणि खवले त्यावर एकावर एक अर्धे चढवून लावले, कौलांसारखे. त्याने श्वास घेतला की ते सरकून उघडायचे, सोडला की मिटायचे. वरून पाहणाऱ्याला पत्राच दिसत राहायचा. या कामाला चार दिवस गेले आणि तेवढे दिवस दोन ट्रकवाल्यांनी माझ्या नावाने बोटं मोडली.

पुन्हा पारावर गेले तेव्हा आबा म्हणाले, "परीक्षा झाली की, ताई. येकदाच असती."

"कुठली परीक्षा एकदाच असते?"

"चिलखताची."

"ती आम्ही दिली. बसलं असं तुम्हीच म्हणालात, सगळ्यांपुढे. राहिली आवाजाची. ती मास्तर घेतात. मास्तर, गेल्या वर्षी पुतण्याचा आवाज तुम्ही किती वेळा बघितला?"

मास्तरांनी चष्मा पुसला. "तीनदा."

"मग माझ्या लेकाचा एकदाच का? बाहेरचा म्हणून? तसं असेल तर तसं बोला. मी लगेच जाते. पण बोला."

आबा पान चघळत राहिले. मनात असलेलं सगळं तोंडावर आणायची हिंमत त्यांच्यात नाही, हे मी अठ्ठावीस वर्षांत ओळखलेलं आहे. पुतण्या एका बाजूला खांबाला टेकून उभा होता. तो एकदम म्हणाला, "आबा, त्याला म्हणू द्या." एवढंच म्हणाला, पण ते सगळ्यांना ऐकू गेलं. आबांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जसं बैलाने नांगर नको म्हटलं असावं.

लेकाने चिलखत घातलं आणि म्हटलं. पाराच्या मागे गाड्यांची रांग आहे, वर हायवेचा आवाज आहे, आणि माइक नव्हता. शेवटची ओळ आहे: "या दाराच्या कड्या आतून आहेत, आणि आत मी उभा आहे." ती संपली तेव्हा देवळातून प्रदक्षिणा घालणाऱ्या बायका बाहेर येऊन उभ्या होत्या. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं नाही, बगलेकडे पाहत होते. खवले उघडत होते, मिटत होते. एकही अडला नाही.

मास्तर म्हणाले, "ठरलं."

नाटक हल्ली सहालाच सुरू होतं, दहाच्या आत लाउडस्पीकर बंद करावा लागतो म्हणून. त्या दिवशी त्याने काय केलं ते मी सांगणार नाही. गावात कुणालाही विचारा. मी पुढच्या रांगेत बसले नाही. स्टेजच्या बाजूला दोरी, कात्री आणि जादा रिंगा घेऊन उभी होते, काही सुटलं तर. काही सुटलं नाही. पुतण्या जासूद झाला होता. त्याला दोनच वाक्यं होती आणि ती त्याने मजेत म्हटली.

शेवटी आबा माइकवर आले. मंडपवाल्याचे आभार, लाउडस्पीकरवाल्याचे आभार, पाण्याचा टँकर देणाऱ्याचे आभार. मग म्हणाले, "आपल्या बापजाद्यांच्या चिलखतानं यंदाबी आपला किल्लेदार निवडला." लोकांनी टाळ्या वाजवल्या. पत्र्याने निवडला. हे ऐकताना माझ्या हातात दोन रिंगा होत्या, त्या मी इतक्या आवळल्या की तळव्यावर गोल उठले. लेकाने स्टेजवरून मला शोधलं आणि नको अशी मान हलवली. त्याचा दिवस होता म्हणून मी माइक ओढून घेतला नाही. पण चिलखत पेटीत जायच्या आधी माझ्या पट्ट्या आणि घेर सोडवून घेतला आणि पिशवीत घातला. नियम चिलखताला होता, माझ्या मालाला नव्हता.

चार दिवसांनी आबा दुकानात आले. स्वतःहून, पहिल्यांदाच. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले, चहा घेतला, सीटांचे भाव विचारले. शेवटी म्हणाले, "ताई, त्या पट्ट्या पेटीत ठिवल्या असत्या तर बरं झालं असतं. फुडच्या साली माझ्या थोरल्याच्या पोराला उभं ऱ्हायचंय. त्यो बी अंगानं आडवाच हाय."

"मग त्याला घेऊन या. माप घेते."

"ह्याच चालत्यात की."

"ह्या माझ्या लेकाच्या श्वासाच्या आहेत, आबा. तुमच्या नातवाला त्याच्या लागतील. इथे दुकानात उभं राहून त्याला पूर्ण भाषण म्हणावं लागेल, मोठ्याने, रस्त्यावरच्या लोकांदेखत. आणि ज्याला कोणाला उभं राहायचं असेल त्या प्रत्येकाला मी पट्ट्या करून देईन. बिहारचा असो, लातूरचा असो, तुमच्या घरातला असो. चिलखत सगळ्यांना बसेल. मग मास्तर आवाज बघतील."

"मंग चिलखताचा नियम ऱ्हातोय कुटं?"

"तेच म्हणते मी. पारावरून सांगा, माइकवर, की यापुढे अंग बघायचं नाही. आणि पट्ट्या कुणी केल्या तेही सांगा."

आबांनी कप खाली ठेवला. "तुमी लई ताणता, ताई."

"ताणून बसवायची सवय आहे. चुकलं होतं, ते मी दुरुस्त केलं. तुमचं तुम्ही करा."

ते विचार करतो म्हणून गेले. लेक म्हणतो, दे ना आई पट्ट्या, काय अडलं आहे, मला मिळालं ते मिळालं. तो मनाने मोठा आहे, त्याला परवडतं. यंदाही त्याला उभं राहायचं आहे, हे त्याने मला सांगितलेलं नाही, पण मोरीतून आवाज येतो. महिन्यावर जत्रा आली आहे. परवा आबांचा माणूस येऊन गेला, म्हणाला, निम्मं कबूल आहे, नाव घ्यायचं तेवढं सोडा. मी म्हटलं, निम्म्यात मी टेम्पोची सीटसुद्धा देत नाही.